लग्नात धवळा, लोकलमध्ये भजन

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1129च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याची राजधानी कल्याण. म्हणजे कर्नाटकातलं आजचं बसवकल्याण, आपल्या मध्य रेल्वेवरचं कल्याण नव्हे. राजाने राज्य कसं करावं इथपासून काय खावं, करमणूक कशी करावी इथपर्यंत सगळं त्या ग्रंथात आहे. संगीताच्या भागात एक छोटीशी यादी येते. कथा सांगताना षट्पदी गावी, लग्नात धवल, उत्सवात मंगल, योग्यांनी चर्या गावी, आणि महाराष्ट्रातल्या बायकांनी कांडण करताना ओवी.

ओवीचा जुना उल्लेख म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ही यादी अनेकदा येते. तिच्यातली दुसरी एक गोष्ट मात्र सहज नजरेतून निसटते. इथे गाण्याचे प्रकार राग किंवा ताल सांगून वेगळे केलेले नाहीत. ते कधी गायचे, एवढंच सांगितलं आहे. लग्न असेल तर धवल, कांडण असेल तर ओवी. प्रसंग हीच त्या गाण्याची ओळख.

या यादीच्या साधारण सत्तर वर्षं आधी, शके 982 मध्ये, म्हणजे 1060 साली, उत्तर कोकणच्या शिलाहारांनी अंबरनाथचं शिवमंदिर बांधून पुरं केलं. वालधुनीच्या काठी काळ्या दगडात उभ्या असलेल्या या देवळाच्या भिंतींवर देवदेवतांच्या सोबतीने नर्तकी आणि वादकही आहेत. अंबरनाथच्या कलेच्या वारशाबद्दल बोलायची वेळ आली की बोलणं या भिंतींपाशी सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. पुढची साडेनऊशे वर्षं या परिसरात कुणी काही गायलंच नाही, अशी समजूत त्यातून होते.

त्यात आज अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर ही नावं ऐकली की डोळ्यांसमोर गर्दीची लोकल येते. 2011च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर आणि अंबरनाथची अडीच लाखांवर होती. कामाला मुंबईत जायचं आणि झोपायला इकडे यायचं, अशी या शहरांची ख्याती. पुण्याला शास्त्रीय संगीताचा महोत्सव आहे, मिरजेला तंतुवाद्यं आहेत, कोल्हापूरला गायकांची परंपरा आहे. इथे काय आहे? सोमेश्वराच्या यादीची रीत वापरून पाहिलं, म्हणजे घराणं कुठलं हे न विचारता प्रसंग कुठला हे विचारलं, तर उत्तर बरंच मोठं मिळतं.

धवलारीण

यादीतल्या धवलापासूनच सुरुवात करू, कारण तो अजून या पंचक्रोशीत आहे.

ठाणे-रायगड पट्ट्यातल्या आगरी समाजात लग्नाचे विधी गाण्यातून पार पाडणारी बाई असते. तिला धवलारीण म्हणतात आणि तिच्या गाण्यांना धवले. लग्नात चार बायका हौसेने गाणी म्हणतात, तशी ही गाणी नव्हेत. मांडव घालणं, देवांना लग्नाचं बोलावणं धाडणं, उंबराची फांदी आणणं, हळद लावणं अशा प्रत्येक कृतीचा धवला वेगळा. तो म्हटला गेला की ती कृती पुरी झाली असं मानायचं. साथीला वाद्य नसतं. सूर संथ आणि लांबवलेला. एकीने ओळ उचलायची आणि दुसरीने ती झेलायची. पुरोहिताचे मंत्र जे काम करतात तेच इथे धवलारणीचं गाणं करतं. पूर्वी आगरी लग्नात तिच्यावाचून अडायचं. डहाणू-जव्हारकडच्या वारल्यांमध्येही हीच रीत आहे. तिथे सवाष्णी भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात आणि धवलेरी गाऊन लग्न लावते.

हा शब्द मराठी वाङ्मयाच्या आरंभाशी पोचतो. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहावर रचना केली आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. त्या रचनेचं नावच 'धवळे'. आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, म्हणून तिथे धवळे आणि इथे धवले. विद्यापीठांत महदंबेच्या धवळ्यांचा अभ्यास होतो. पण लग्नात बायकांनी धवळे गाण्याची चाल महदंबेच्याही आधीची, हे 'मानसोल्लास' सांगतोच. तीच चाल अंबरनाथच्या देवळापासून हाकेच्या अंतरावरच्या गावांत पोथीशिवाय चालत आली. एका बाईने दुसरीच्या मागे बसून शिकायचं, एवढीच तिची शाळा.

यादीतल्या ओवीचं काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. विजेची गिरणी गावोगाव पोचली, जातं कोपऱ्यात गेलं आणि जात्यावरची ओवी थांबली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मराठीतला हा फार मोठा ठेवा आहे. आज त्या वाचता येतात, त्यांतल्या बऱ्याच ऐकताही येतात. पण पहाटे उठून कुणी त्या म्हणत नाही, कारण पहाटे दळायचं राहिलेलं नाही. संग्रहाने शब्द आणि चाल राखली. दळण परत आणणं संग्रहाच्या हाती नव्हतं.

धवला टिकला याचं कारण लग्न टिकलं. मात्र लग्नही आता बदललं आहे. हळदीचा दिवस हा आगरी लग्नातला मोठा सोहळा. त्यात आधी बेंजो आणि बँड आले, मग कॅसेटवरची आगरी-कोळी गीतं आली आणि त्यानंतर डीजे. ही गाणी ठसकेबाज आहेत, बोलीतली आहेत आणि समाजाला आपली वाटतात. त्यांना नाकं मुरडण्याचं काही कारण नाही. अडचण आवाजाची आहे. धवला दोन गळ्यांवर चालतो. आठ फुटी स्पीकरच्या शेजारी दोन गळे ऐकू येत नाहीत. त्यातच लग्न लावायला भटजी येऊ लागले, विधी हॉलच्या वेळापत्रकात बसवले गेले, आणि ज्या कृतींना धवले होते त्यांतल्या काही गळूनच पडल्या. कृती गळाली की तिचं गाणंही जातं.

त्यामागे जमिनीची गोष्टही आहे. आगरी हा मुळात भातशेती आणि मिठागरांचा समाज. या भागातली शेतं आधी कारखान्यांना गेली, मग इमारतींना. दुसऱ्या महायुद्धात नेवाळीला लष्कराच्या धावपट्टीसाठी शेतजमिनी घेतल्या गेल्या. त्यांचा वाद इतकी वर्षं धुमसत राहिला आणि जून 2017 मध्ये आंदोलन होऊन रस्त्यावर आला. शेत गेलं की लावणीची आणि मळणीची गाणीही जातात. लग्नाची गाणी मागे उरली, कारण लग्नाला शेत लागत नाही.

बराकींतला भगत

ज्या युद्धाने नेवाळीची शेतं घेतली, त्याच युद्धासाठी कल्याणजवळ सैनिकांची मोठी छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या रिकाम्या बराकींत आसरा मिळाला. नव्वद हजारांहून अधिक माणसं तिथे आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि शेजारच्या नदीवरून उल्हासनगर हे नाव पडलं. बराकी गेल्या, तरी पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' असं आजही म्हणतात.

येताना या लोकांनी 'भगत' आणला. भगत हा गायनप्रकारही आहे, तो सादर करणाऱ्याला आणि त्या रात्रीच्या खेळालाही भगतच म्हणतात. पांढरा घोळदार जामा, पायांत घुंगरू, संगतीला साथीदार. गायचं, नाचायचं, मध्येच थांबून एखादी दंतकथा सांगायची, विनोद करायचा आणि पुन्हा गाण्यावर यायचं. आपल्याकडच्या नारदीय कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंग आणि तमाशातली मोकळीक यांची आठवण व्हावी असा हा प्रकार, आणि तो रात्रभर चाले. भगत कंवरराम हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. हिंदू संत म्हणून लोक त्यांना पूजत, आणि ते गात असत शाह अब्दुल लतीफ, सचल सरमस्त अशा सूफींची पदं. मिळालेले पैसे गरिबांत वाटून टाकत. 1 नोव्हेंबर 1939 रोजी सिंधमधल्या रुक रेल्वे स्थानकावर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. फाळणी आठ वर्षं दूर होती, पण काय येऊ घातलं आहे याची चाहूल त्या दिवशी लागली असणार.

शाह लतीफ (1689-1752) यांच्या काव्याची विभागणी 'सुरां'त आहे. त्यातला एक सूर मारुईचा. उमरकोटचा राजा उमर थरच्या वाळवंटातल्या मारुईला पळवून नेतो. ती रेशीम नाकारते, अंगावरची जाडीभरडी लोई सोडत नाही आणि आपल्या मलीरची आठवण काढत राहते. सिंधमध्ये ही निष्ठेची गोष्ट होती. उल्हासनगरच्या बराकीत ती ऐकणाऱ्यांचं मलीर आता सरहद्दीपलीकडे होतं. गाण्यातला एक शब्दही न बदलता त्याचा अर्थ बदलला.

भगताला दोन गोष्टी लागतात, रात्र आणि भाषा. दोन्ही हळूहळू कमी झाल्या. रात्रभर बसायला मोकळं अंगण लागतं, सकाळी दुकान उघडायची घाई नसावी लागते. निर्वासितांना पुन्हा शून्यातून उभं राहायचं होतं आणि उल्हासनगर उभं राहिलं ते दुकानं आणि कारखाने यांच्या जोरावर. भाषेची गोष्ट त्याहून कठीण. 10 एप्रिल 1967 रोजी सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. पण तिला स्वतःचं राज्य नव्हतं आणि लिपी अरबी की देवनागरी हा वाद होता. मुलं हिंदी आणि इंग्रजीकडे गेली. मास्टर चंदर यांच्यासारख्या गायकाच्या ध्वनिमुद्रिका घराघरांत वाजल्या, जपल्याही गेल्या. नातवंडांना मात्र त्यातले शब्द विचारून घ्यावे लागतात.

तरीही सिंधी गाणं उल्हासनगरातून गेलेलं नाही. लग्नात बायका लाडा गातात. धवल्यांचं हे सिंधी भावंडच म्हणायचं. आषाढ-श्रावणाच्या सुमारास चाळीस दिवसांचं चालिहो व्रत येतं, कॅम्प पाचमधल्या चालिहा साहिब मंदिरात गर्दी होते. झुलेलालचा बहराणा निघतो तेव्हा पंजडे म्हटले जातात आणि ढोल-शहनाईवर छेज खेळली जाते. व्रत आणि लग्न यांना धरून असलेलं गाणं राहिलं. नुसत्या रात्रीच्या आधाराने चालणारा भगत मागे पडला.

जयंतीचं गाणं

या दोन्ही परंपरा जुन्या प्रसंगांच्या आधाराने तगल्या. प्रसंगच नवे निर्माण झाले तर काय होतं, ते भीमगीतांत दिसतं.

महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतून जलसा आला. त्याने तमाशाचा साचा घेतला आणि आत विचार भरला. 1930च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि पुढच्या दोन महिन्यांच्या आत, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. ज्या माणसांना गावगाड्याने वाजवण्याचं काम जन्माने लावून दिलं होतं, इतरांच्या लग्नात आणि जत्रेत, त्यांनी ते प्रसंग नाकारले आणि स्वतःचे उभे केले. 14 एप्रिलची जयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, महापरिनिर्वाण दिन. बौद्ध पद्धतीचं लग्न, नामकरण, गृहप्रवेश. या प्रत्येकाला गाणं हवं होतं, आणि ते काही दशकांत तयार झालं. इतक्या थोड्या काळात इतकं मोठं गीतभांडार मराठीत क्वचितच उभं राहिलं असेल. वामनदादा कर्डक (1922-2004) हे त्याचं मोठं नाव.

कारखाने, रेल्वे आणि लष्करी उद्योग यांच्यामुळे कल्याण ते बदलापूर पट्ट्यात कामगारांच्या वस्त्या वाढल्या. अंबरनाथला आगपेट्यांचा विमको कारखाना होता आणि 1953मध्ये आयुध निर्माणी सुरू झाली. या वस्त्यांतल्या जयंतीच्या मंचांवर भीमगीत वाढलं. कव्वालीचा सामना हे त्याचं लाडकं रूप. एका बाजूला गायक, दुसऱ्या बाजूला गायिका; हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि टाळ्या; प्रश्न इतिहासाचा, उत्तरही इतिहासाचं. ज्यांच्या हाती पुस्तक उशिरा आलं त्यांनी मनुस्मृती, चवदार तळं आणि राज्यघटना यांची माहिती अशा रात्रींतून घेतली.

कल्याणचे प्रल्हाद शिंदे (1933-2004) हा या पट्ट्याचा आवाज. पंढरीच्या वाटेवरची त्यांची भक्तिगीतं महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली. भीमगीतंही त्यांनी त्याच गळ्याने गायली. आषाढीला रेडिओवर त्यांचं गाणं लावणाऱ्या अनेक घरांत त्यांची दुसरी बाजू कधी वाजली नाही. एकाच गायकाचे असे दोन श्रोतृवर्ग असणं आणि एकाला दुसऱ्याची गंधवार्ता नसणं, ही आपल्या समाजाची गोष्ट आहे. पुढे आनंद, मिलिंद आणि मग आदर्श शिंदे यांनी हे गाणं कॅसेटमधून, सिनेमातून आणि मोबाइलमधून सगळ्यांच्या कानांवर घातलं.

कव्वालीचा सामनाही रात्रीचाच खेळ. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले, रात्री दहानंतर ध्वनिवर्धकांवर बंधनं आली आणि रंगायच्या वेळेलाच सामना थांबवावा लागू लागला. पण भीमगीताचं भगतासारखं झालं नाही. जयंती दरवर्षी येते आणि दरवर्षी नवं गाणं मागते. ते आता डीजेवर वाजतं. जुन्या सवाल-जवाबातलं बौद्धिक त्यात कमी आहे, ही तक्रार समाजातच ऐकू येते आणि ती योग्यही आहे. तरी ती चालू गाण्याबद्दलची तक्रार आहे. बंद पडलेल्या गाण्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

सात डब्यांपलीकडचं भजन

शेवटचा प्रकार या रेल्वेमार्गाने स्वतःच घडवला. बदलापूर ते मुंबई हे अंतर 68 किलोमीटर. रोज जाता-येता मिळून तीन तासांच्या आसपास वेळ गाडीत जातो. या वेळेतून मध्य रेल्वेची लोकल भजनं जन्मली. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली मंडळी. एकाच्या पिशवीत टाळ, दुसऱ्याकडे ढोलकी, आणि ती नसेल तर डब्याचा पत्रा. कोकणातून, घाटावरून आलेल्या चाकरमान्यांनी गावच्या भजनी मंडळाची शिस्त सोबत आणली: आरंभीचा गजर, रूपाचा अभंग, मध्ये गौळण आणि उतरायच्या आधी भैरवी. गावी जे भजन रात्रभर चालतं, ते इथे दादर येईपर्यंत संपवावं लागतं. दसऱ्याला डबा सजतो, पूजा होते, प्रसाद वाटला जातो.

सगळ्यांना हे आवडत नाही. रात्रपाळी करून निघालेल्याला डुलकी हवी असते, परीक्षेला निघालेल्या मुलीला वाचायचं असतं, आणि जागा अडवण्यावरून भांडणंही होतात. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण संगीताच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहिलं तर गाडीच्या वेळापत्रकाने लांबी ठरवलेला आणि डब्याच्या पत्र्याने ठेका दिलेला हा प्रकार इथलाच. सोमेश्वर आज यादी करता तर 'प्रवासात भजन' अशी नोंद त्याला करावी लागली असती. त्याचंही भवितव्य प्रसंगावरच ठरेल. कानात इअरफोन घातलेल्या डब्यात झेलकरी मिळत नाहीत, आणि ठरलेली मंडळी निवृत्त होत चालली आहेत.

काय जपायचं

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या परिसरात अलीकडच्या वर्षांत कला महोत्सव होतो, नामवंत गायक-वादक येतात, शहर रात्री जागतं. हे चांगलंच आहे. अशा मंचांवर धवलारणीला, सिंधी भगताला, सामन्याच्या जुन्या कव्वालांना मानाने बसवलं पाहिजे, अशी मागणी कुणी केली तर तिलाही पाठिंबा द्यावा. त्यांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रणं तर तातडीने व्हायला हवीत. आणि ती करताना कोणत्या कृतीला कोणता धवला, कोण उचलतं, कोण झेलतं, तेही लिहून ठेवायला हवं; नाहीतर हाती नुसती चाल उरेल.

पण मंचावर वीस मिनिटं गायलेला धवला लग्न लावत नाही. तिथे तो नमुना असतो. लाखभर ओव्यांच्या संग्रहाने हेच दाखवलं आहे. ओवीचा प्रसंग परत आणता येणार नाही, आणि आणूही नये. बायकांची दळणातून सुटका झाली हे बरंच झालं. धवल्याचा प्रसंग मात्र अजून चालू आहे. या गावांत दर वर्षी लग्नं होतात, हळदी लागतात, मांडव पडतात. त्यासाठी सरकारी अनुदान लागत नाही, महोत्सव लागत नाही. हळदीच्या दिवशी डीजे सुरू करण्याआधी तासभर स्पीकर बंद ठेवायचा, धवलारणीला मांडवात मधोमध पाट द्यायचा आणि घरातल्या एका मुलीला तिच्यामागे झेलायला बसवायचं. आठशे-नऊशे वर्षं हे गाणं असंच एका बाईकडून दुसरीकडे गेलं आहे.